पाऊस दुपारनंतरच जास्त पडतो, हे जगभर खरं आहे का?

जमिनीवर, तेही उष्ण ऋतूत, बऱ्याच अंशी खरं आहे. ऊन जमीन तापवतं, हवा वर चढते, दुपारी ढग वाढतात आणि चारनंतर कोसळतात. पण हा नियम समुद्राला लागू नाही, आणि पृथ्वीचा बहुतेक भाग तर समुद्रच आहे.

खुल्या उष्णकटिबंधीय समुद्रावर पावसाचा जोर साधारण पहाटे असतो. पाण्याचं तापमान दिवसरात्रीत फारसं बदलत नाही. रात्री ढगांचे माथे मात्र उष्णता अवकाशात सोडून गार होतात. खाली उबदार दमट हवा, वर गारवा, त्यामुळे ढग आणखी उसळतात. दिवसा ऊन ढगांचे माथे तापवतं आणि हा जोर ओसरतो.

मला खरी गंमत वाटते ती किनाऱ्यांची आणि डोंगरांची. आग्नेय आशियातल्या सुमात्रा, बोर्निओ बेटांवर संध्याकाळी डोंगरांवर पाऊस होतो, मग रात्री तो समुद्राकडे सरकतो. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरावर दिवसा वारे पाण्याकडून काठाकडे वाहतात, म्हणून गडगडाट काठावर. रात्री उलट: चहूबाजूंचे वारे सरोवरावर येऊन भिडतात आणि वादळं पाण्यावर उठतात. रात्री होड्या घेऊन गेलेल्या मच्छीमारांच्या जिवावर बेततं ते यामुळेच. अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत उन्हाळी पाऊस बराचसा रात्रीचा. दुपारी रॉकी पर्वतावर उठलेली वादळं पूर्वेकडे सरकत मध्यरात्रीच्या सुमारास तिथे पोहोचतात, आणि रात्री जोर धरणारा दक्षिणेचा वारा त्यांना मेक्सिकोच्या आखाताकडची वाफ पुरवतो. चेरापुंजीतही मोठ्या सरी रात्री-पहाटेच्याच.

चक्रीवादळं किंवा थंड प्रदेशातला हिवाळी पाऊस यांना मात्र घड्याळाशी फारसं देणंघेणं नसतं.

हे सगळं मोजणं सोपं नव्हतं. समुद्रावर पर्जन्यमापक ठेवणार कुठे? आणि बरेच हवामान उपग्रह एका ठिकाणावरून रोज ठरावीक वेळीच जातात. १९९७ साली सोडलेल्या अमेरिका-जपानच्या ‘टीआरएमएम’ या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाची कक्षा मुद्दाम अशी होती, की तो एकाच जागेवरून वेगवेगळ्या वेळी जाई. त्याच्या रडारमुळे हे चित्र पुष्कळ स्पष्ट झालं.

हवामानाचा अंदाज बांधणारी संगणकी प्रारूपं पावसाच्या वेळेबाबत अजूनही चुकतात. ढगांचा ढोबळ हिशेब करणारी प्रारूपं जमिनीवरचा पाऊस भरदुपारीच पाडून मोकळी होतात. म्हणून उष्ण प्रदेशासाठी हवामानाच्या ॲपने बाराची सर दाखवली, तर मी ती मनातल्या मनात दोन-तीन तास पुढे ढकलतो.