हेड स्टड बसवताना घाई नको

बाळा, पीथमपूरच्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर टर्बोची गाडी पळवायची म्हणतोस, तर हेड स्टडमध्ये, म्हणजे सिलिंडर हेड इंजिनच्या ब्लॉकवर दाबून धरणाऱ्या आटेदार दांड्यांमध्ये, पैसे वाचवू नकोस. इंदूरच्या बाजारात चकचकीत माल खूप मिळतो, पण धातूचा ग्रेड आणि टॉर्कचा (नट किती जोराने आवळायचा त्याचा) तक्ता न देणाऱ्याकडून स्टड घेऊ नकोस. जुने ताणलेले बोल्ट तर परत लावूच नकोस.

सगळ्यात जास्त वेळ ब्लॉकच्या भोकांना दे. आटे साफ कर, पण टॅप, म्हणजे नवे आटे कापायचं हत्यार, फिरवू नकोस, त्याने आटेच झिजतात. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर दाबाने ब्लॉक तडकतो. माझा एक ब्लॉक असाच गेला, अजून जीव हळहळतो. भोक वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या थंड पाण्याच्या वाटेत, उघडत असेल तर आट्यांना सीलंट हवाच.

स्टड हातानेच बसव, पान्याने आवळू नकोस. ताण नटाने यायला हवा. स्टडवाल्याने सांगितलेलंच वंगण नटाच्या आट्यांना आणि वॉशरला लाव. वंगण बदललं की तोच टॉर्क वेगळा ताण देतो, म्हणून गाडीच्या मॅन्युअलचा आकडा इथे चालत नाही. मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळ. टॉर्क रेंच आधी तपासून घे, नसेल तर माझा ने.