जर्मनीत पोस्टडॉक घेऊ का, असं विचारणारीला

"ताई, खारघरला माझी पीएचडी संपत आलीय, कार-टी सेल्सवर. बव्हेरियातल्या एका लॅबनं दोन वर्षांचा पोस्टडॉक देऊ केलाय. नवरा आणि मुलगा बरोबर येतील. येऊ का?" एवढंच तू विचारलंस. दोन ओळी लिहायला बसले होते, आता साडेअकरा वाजलेत.

व्हिसा, विमा, पगाराची श्रेणी हे सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, ते वाच.

नुसतं काम बघायचं तर डोळे मिटून ये. २०२१ मध्ये बव्हेरियातल्याच एर्लांगेनला डॉ. गेओर्ग शेट यांच्या गटानं ल्युपस (प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटते तो आजार) झालेल्या वीस वर्षांच्या मुलीला तिच्याच टी-सेल्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, बी-सेल्सवरची सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवून परत दिल्या, म्हणजे कार-टी, हे तुला ठाऊकच असेल. उपचार रक्ताच्या कॅन्सरसाठी बनलेला आणि हिला कॅन्सर नव्हताच. आजार करणाऱ्या बी-सेल्स साफ झाल्या, काही महिन्यांनी नव्या आल्या त्या शहाण्यासारख्या वागल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी १५ रुग्णांचं छापलं. पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद! तो पेपर मी बसमध्ये वाचत होते, माझा थांबा गेला.

पण "दोन वर्षं" यावर विसंबू नकोस. पीएचडीनंतर इथे साधारण सहा वर्षं तात्पुरत्या करारावर ठेवता येतं, तशी कायद्यातच मुभा आहे. माझे सहा वर्षांत सात करार झाले, एक तर तीन महिन्यांचा. करार संपला की राहण्याचा परवानाही संपतो, आणि नवा येईपर्यंत एक कागद देतात, त्याच्या नावातच 'फिक्त्सिओन' आहे, म्हणजे कल्पित. तुम्ही इथे आहात असं तूर्त धरून चालू, असा कागद. एकदा तोही वेळेत मिळाला नाही. ईमेलला उत्तर नाही, फोन कोणी उचलत नाही, दारावर गेले तर म्हणे अपॉइंटमेंट घ्या, आणि अपॉइंटमेंट ईमेलवर. भावाचं लग्न मी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून पाहिलं.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस, पण सगळे विचारतात. असतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो. गणपतीला मंडळात जाते, मोदक बरे असतात. पुढे.

मुलाचं वय तू लिहिलंच नाहीस, आणि खरं उत्तर त्यावर आहे. बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर, या तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढतात. इथे १ सर्वांत चांगला. २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे मधली. माझा मुलगा सातव्या वर्षी इथे आला. चौथीत त्याला गणितात २, परिसरात २, जर्मनमध्ये ४. झाली २.६६, गिम्नाझियम हुकलं. गोष्ट छान लिहिली होती त्यानं, हरवलेल्या सायकलची. पण देर-दी-दासच्या, म्हणजे जर्मन नामांच्या लिंगांच्या, चुकांवरच्या लाल खुणांनी कागद गोवर आल्यासारखा झाला होता. बाई म्हणाल्या, घरी जर्मन बोला. मी ऐकलं! तीन आठवडे घरात मोडकं जर्मन चाललं, तेवढ्यात तो फोनवर आजीला नुसतं हं-हं करायला लागला. मग बंद केलं.

इतकी वर्षं मी हे त्या बाईंच्या नावावर सांगत आले. खरं असं की सरासरी हुकलेल्या मुलांसाठी तीन दिवसांची चाचणी असते, आणि तिचं नाव नोंदवायची मुदत माझ्याकडून गेली. त्या आठवड्यात लॅबमध्ये माझी कार-टी सेल्सची बॅच चालू होती. दर दोन दिवसांनी सेल्स मोजायच्या, पातळ करायच्या, आयएल-७ आणि आयएल-१५ ही त्यांना वाढवणारी प्रथिनं घालायची. गुलाबी मीडियम पिवळं पडायला लागलं की समजायचं, यांना भूक लागलीय. रविवारी रात्री दहाला मी तो पिवळा रंग बघायला लॅबमध्ये गेले होते. दप्तरातला कागद तसाच राहिला. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, पुढची वाट त्यानं शोधलीय, मजेत आहे. टोचतं ते मलाच.

आणि एक. निघताना मी सगळ्यांना ऐकवलं होतं, हे काम भारतात व्हायचं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहाव्या भागात. गेल्या वर्षी साताऱ्याच्या काकांचा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) उलटला तेव्हा त्यांनी पहिला फोन मला केला, तुमच्या तिकडे काही असेल म्हणून. मी परळला जायला सांगितलं. "तू करतेस ते हेच ना?" हेच, म्हटलं. काका जरा वेळ गप्प बसले, मग जेवलीस का विचारलं.

तर मुलगा अजून शाळेत जात नसेल तर ये. दुसरी-तिसरीत असेल तर बर्लिन किंवा ब्रांडेनबुर्गची लॅब बघ, तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. बव्हेरियातच यायचं तर सप्टेंबरच्या आधीची तारीख माग, शाळा तेव्हा सुरू होतात. आणि मुलाखतीत विचार, शनिवार-रविवारी सेल्सकडे कोण बघतं. "आपापल्या सेल्स ज्यानं त्यानं" असं उत्तर आलं तर नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव.

मुलगा कितवीत आहे ते कळव.