वॅक्स केसांवर बसलंय आणि शॅम्पूने काही केल्या जाईना

प्रश्न: ताई, गेले सात-आठ महिने मी रोज मॅट हेअर वॅक्स लावतोय आणि वरून स्प्रे. आता दोनदा-तीनदा शॅम्पू केला तरी केस ओले असतानाच चिकट लागतात, वाळले की निर्जीव दिसतात आणि डोकं खाजवलं की नखात पांढरट मेणासारखं काहीतरी येतं. कुठेतरी वाचून बेकिंग सोड्याने पण दोनदा धुतले, तर केस झाडूसारखे झाले आणि चिकटपणा होता तिथंच. सगळे कापून टाकू का?

उत्तर: अरे थांब, कात्री ठेव खाली. केस चांगलेच आहेत रे, फक्त त्यांच्यावर थर बसलाय आणि तो निघतो.

सोडा आधी बंद कर. डोक्याच्या त्वचेचा पीएच, म्हणजे आंबट-खारटपणाचं माप, असतो साधारण 5.5, सोड्याच्या पाण्याचा 8 च्या वर, त्याने केसाचे खवले उघडतात आणि केस एकमेकांत अडकायला लागतात, तुझे झाडूसारखे झाले ते त्यामुळेच. आणि मेण सोड्यात विरघळतच नाही!

मेण विरघळतं तेलात. म्हणून आधी तेल, आणि तेही कोरड्या केसांवर, ही गोष्ट बहुतेक जण चुकवतात. दोन चमचे कुठलंही पातळ तेल घे, बेबी ऑइल पण चालतं, बोटांच्या टोकांनी मुळांपर्यंत हळूहळू चोळ, नखं लावू नकोस. वीसेक मिनिटं थांब आणि मग बारीक दातांचा कंगवा फिरव, दातांच्या बुडाशी राखाडी चिकट लगदा जमलेला दिसेल, तो टिश्यूने पुसून परत फिरव, पुसून परत. महिनोन् महिने डोक्यावर बसलेलं निघताना बघून खरंच बरं वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लगेच पाणी ओतायचं नाही. तेलकट केसांवर थेट शॅम्पू घे आणि चोळत राहा, मग ओंजळभर पाणी घालून परत चोळ, मिश्रण दुधासारखं पांढरं झालं की तेल आणि मेण दोन्ही सुटतायत असं समज आणि मग कोमट पाण्याने भरपूर धू. पहिल्या वेळी फेस येणार नाही, घाबरू नकोस. दुसऱ्या वेळी येईल, आणि जिथे येत नाही तिथे थर अजून आहे, शक्यतो टाळूवर आणि मानेच्या वर, तेवढ्याच भागाला तिसरा हात दे. शेवटी थोडं कंडिशनर फक्त टोकांना.

शॅम्पू क्लॅरिफायिंग, म्हणजे साठलेला थर काढणारा, घे, लेबलवर सोडियम लॉरेथ सल्फेट दिसलं तर या कामाला चांगलं. पण दोन आठवड्यातून एकदाच, रोज वापरलास तर केस रखरखीत होतील आणि रंग लावत असशील तर तोही उतरेल. स्प्रेची काळजी करू नकोस, तो बहुतेक पाणी-शॅम्पूनेच जातो. सीरम लावत असशील तर मात्र लेबल वाच, डायमेथिकोनसारखी 'कोन' ने संपणारी नावं म्हणजे सिलिकॉन, ते नुसत्या पाण्याने हलत नाही, त्यालाही हाच शॅम्पू लागतो.

आंघोळीच्या साबणाने धुवायचा विचार पण करू नकोस, पाणी जड असेल तर साबण त्यातल्या कॅल्शियमशी मिळून वेगळाच चिकट थर बसवतो. व्हिनेगरने मेण जात नाही, पण सोड्याने खरखरीत झालेल्या केसांना मगभर पाण्यात एक चमचा घालून शेवटचं पाणी घेतलंस तर थोडा मऊपणा येईल, डोक्यावर जखम असेल तर नको. आणि पेट्रोल, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही कोणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नकोस, त्वचा भाजते आणि आग लागायची भीती वेगळीच.

नखात येतं ते मेणच आहे का हे बोटांत चोळून बघ. मेण पसरतं, कोंड्याचे पापुद्रे असतात. थर गेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज, लाली किंवा पिवळट खपल्या राहिल्या तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

यापुढे वॅक्स वाटाण्याएवढंच, आधी तळव्यांवर नीट चोळून आणि मुळं सोडून लाव, नाहीतर पाण्यात विरघळणारं पोमेड (वॅक्ससारखंच केस बसवायला लावतात ते) घे. आणि कंगवा आजच शॅम्पूच्या गरम पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घास, उशीचा अभ्रा पण धुवायला टाक, नाहीतर त्यांच्यावरचं जुनं मेण उद्या परत डोक्यावर येईल.