घरीच चिरलेल्या बाभळीचा गोठा काळ्या रानात टिकेल का?

तुम्ही विचारलंय की बांधावरच्या पाच-सहा जुन्या बाभळी घरीच चिरून, सोलापूरजवळच्या काळ्या रानात दोन जनावरं, कडबा आणि अवजारं मावतील एवढा लाकडी सांगाड्याचा गोठा उभा करता येईल का, आणि तो टिकेल का.

येईल, आणि टिकेलही. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मी १६ बाय १२ फुटांचा गोठा असाच बांधलाय. पण तो दुसरा. पहिला चार वर्षांत गेला, म्हणून आधी त्याचंच सांगतो.

पहिल्या वेळी मी खांब दोन-दोन फूट जमिनीत गाडून भोवती सिमेंट ओतलं. वाटलं, आता हलायचा प्रश्नच नाही. खांब हलले नाहीत, पण जमिनीलगत आतून पोकळ झाले. लाकूड वाळून आकसलं, सिमेंट आणि लाकूड यांच्यात फट पडली, पावसाचं पाणी आणि जनावरांचं मूत त्या फटीत साचून राहिलं. मागोमाग वाळवी आली. वरून खांब धडधाकट दिसत होता आणि खाली पहार सहज आत जात होती. बाभळीसारखं चिवट लाकूडही तळाशी कायमची ओल असली की वाचत नाही.

मग मी आपल्याकडची जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं नीट बघितली. एकही खांब मातीत गाडलेला नाही. आधी जोतं, जोत्यावर घडीव तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, आणि तळखड्यावर खांब नुसता उभा. त्यामुळे खांबाचा तळ कोरडा राहतो आणि वाळवी चढलीच तर मातीची नळी दगडावरून वर गेलेली डोळ्यांना दिसते. तुम्हीही तसंच करा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, म्हणून प्रत्येक खांबाखाली मुरूम लागेपर्यंत खोदा. तिथून दगड-काँक्रीटचा पाया वर आणा आणि तळखडा जमिनीपासून किमान दीड फूट उंच ठेवा.

मात्र इथे एक फरक आहे आणि तो फार थोड्यांच्या ध्यानात येतो. तळखड्यावर नुसता ठेवलेला खांब जुन्या घरात का टिकायचा? वर माळवदाचं ओझं होतं म्हणून. फूटभर मातीचं छत चौरस मीटरला चारशे किलोंच्या वर जातं. पत्रा पाच किलोंच्या आसपास. वैशाखात वळवाचं वादळ आलं की पत्र्याचं छप्पर पतंगासारखं वर ओढलं जातं आणि नुसता टेकवलेला खांब त्याच्याबरोबर उचलला जाऊ शकतो. म्हणून मी पायाच्या काँक्रीटमध्येच सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी पट्ट्या बसवल्या, तळखड्याच्या दोन बाजूंनी वर काढल्या आणि खांबातून आरपार दोन बोल्ट घातले. ओझं दगडावर, ओढ पट्ट्यांवर. पत्रा ते वासा, वासा ते तुळई, तुळई ते खांब, खांब ते पाया, असं वरपासून खालपर्यंत सगळं एकमेकांना बांधलेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट तिरप्या टेकूंची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती ढासळल्या, पण ज्या घरांत छताचं ओझं भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होतं, तिथे अनेक ठिकाणी सांगाडा उभा राहिला. लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, माणसाला वाचवतो, एवढं त्यातून मी घेतलं. पण उभ्या-आडव्या लाकडांची चौकट कोपऱ्यात तिरपा टेकू नसेल तर बाजूच्या धक्क्याने कलते. बाभूळ सरळ वाढत नाही ही तक्रार इथे उपयोगी पडते. फांदी जिथे नैसर्गिक वाकलेली असते, तिथून टेकू काढा. धागा वळणाबरोबर जात असल्याने तो सरळ लाकडातून वाकडा कापलेल्या तुकड्यापेक्षा कितीतरी मजबूत असतो.

बाभळीचं सरळ लाकूड आठ-नऊ फुटांपलीकडे क्वचित मिळतं, म्हणून गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आठ फुटांचाच धरा. खांब सहा इंची चौरस, तुळई सहा बाय आठ, आठ इंची बाजू उभी. बारा फुटांच्या रुंदीत मधे खांबांची एक रांग घ्या. जनावरं एका बाजूला, कडबा दुसऱ्या बाजूला, आपोआप वाटणी होते.

तोडणी दिवाळीनंतर थंडीत करा. चैत्रात चिरलेलं लाकूड आपल्याकडच्या कोरड्या झळांनी आठवड्यात तडकतं. साग, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यांना परवानगीशिवाय हात लावू नका. बाभळीसाठीही आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. आरा यंत्र लावायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा लागतो.

मी चेनसॉला चौकट जोडून चिरलं. साधी साखळी आडवं कापायला असते. उभं चिरायला दातांचा कोन दहा अंशांच्या आसपास घासलेली साखळी घ्या, नाहीतर यंत्र दमतं आणि फळीवर लाटा उठतात. पहिल्या कापाला ओंडक्यावर सरळ शिडी ठोकून तिच्यावरून चौकट सरकवा. बांधावरच्या झाडात जुने खिळे आणि कुंपणाची तार हमखास असते. साल काढून नीट तपासा. एका कापात जवळजवळ एक सेंटिमीटर लाकूड भुशात जातं, ते हिशेबात धरा.

चिरल्याबरोबर दोन्ही टोकांना शेण-माती किंवा ऑईलपेंट लावा. तांबूस गाभा खांब-तुळयांना ठेवा. कडेच्या पांढऱ्या लाकडाला किडा लागतो आणि पिठासारखा भुसा पडतो. ओंडके काही आठवडे विहिरीत किंवा तळ्यात बुडवून ठेवायची जुनी रीत याच्यावरच होती. आमच्याकडे पाणी नव्हतं, मी ओल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजलं. ते पावसाने धुऊन जातं, त्यामुळे फक्त छपराखालच्या लाकडाला.

सांधे मात्र लाकूड ओलं असतानाच पाडा. वाळलेल्या बाभळीवर पटाशीची धार उडते. फळ्या सावलीत मधे पट्ट्या घालून वाळवाव्या लागतात, सांगाड्याला तसं थांबायची गरज नाही. तुळईच्या टोकाला दोन इंच जाड जीभ, खांबात तेवढीच खाच, आणि तुळईचा खालचा काठ खांबात अर्धा इंच बसवलेला, म्हणजे ओझं जिभेवर येत नाही. खुंटी मात्र पूर्ण वाळलेल्या बाभळीची हवी. जिभेतलं भोक खांबातल्या भोकापेक्षा खांद्याकडे, म्हणजे जिभेच्या मुळाकडे, दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडा. खुंटी ठोकताना ती जीभ आत ओढून घेते. यात घाई करू नका. मी एका सुताराजवळ बसून दोन दिवस नुसते टाकाऊ तुकड्यांवर सांधे पाडले, मगच खऱ्या लाकडाला गिरमिट लावलं.

चौकटी जमिनीवर आडव्या जुळवा, मग दोर लावून उभ्या करा. आठ माणसं तरी लागतात, ओली बाभूळ फार जड असते. प्रत्येक खांब ओळंब्यात आल्यावरच टेकू पक्के करा. खुंट्यांची टोकं पहिल्या वर्षी छाटू नका. एक उन्हाळा गेला की लाकूड आकसतं, तेव्हा मृगाच्या आधी सगळ्या खुंट्या पुन्हा एकदा ठोका, बोल्ट आवळा, मग टोकं कापा.