माजी सैनिकांचे प्रश्न: गुडघे, गोळ्या आणि कानातली शिट्टी

सेवेत असताना वार्षिक तपासणीचा हुकूम यायचा. निवृत्तीनंतर तो येत नाही आणि तपासणीही होत नाही. पत्रांतले निम्मे घोळ इथलेच.

प्रश्न: सेवेतल्या इजांची माहिती नव्या डॉक्टरांना तोंडी सांगितली तर चालेल का?

नाही. सेवेतल्या वैद्यकीय कागदांच्या प्रती न्या, मूळ कागद घरी ठेवा.

प्रश्न: गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक घेतो, फार दुखलं तर वर आयबुप्रोफेन. रक्तदाबाची गोळीही चालू आहे. जुना सहकारी म्हणतो, शरीराला सवय झाली की गोळी बाधत नाही.

सवय तुम्हाला होते, मूत्रपिंडाला नाही. या दोन्ही गोळ्या एकाच गटातल्या. एकीवर दुसरी घेतल्याने दुखणं फारसं कमी होत नाही, जठरातल्या रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणारी द्रव्यं त्या अडवतात. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन असेल आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी, तर ही दुखण्याची गोळी धरून तिघी मिळून मूत्रपिंड अचानक बंद पाडू शकतात. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हात पाणी कमी पडलं की जास्तच. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. शिवाय डायक्लोफिनॅक निरनिराळ्या नावांनी विकतात, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जातो. वेष्टनावरचं ठळक नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा.

याच आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते यावरून कळतं) तपासून घ्या आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका. शौच डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गुडघ्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायला हवा: पाठीवर झोपून पाय सरळ ठेवत वीतभर उचला, पाच ते दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. व्यायाम किती वाढवायचा ते फिजिओथेरपिस्टला विचारा.

प्रश्न: गोळीबाराच्या सरावापासून कानात शिट्टी वाजते. जाहिरातीतले थेंब घालू का?

नको. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. थेंब कानाच्या पडद्याच्या अलीकडेच राहतात, तिथवर पोचत नाहीत. ‘सात दिवसांत आराम’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक असतंच. श्रवणचाचणी करा, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांची शिट्टीही दबते. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर मात्र थांबू नका. उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. ‘मळ असेल’ म्हणत महिना काढलात तर फार काही हाती राहत नाही.

प्रश्न: वाईट स्वप्नांनी जाग येते. दोन पेग घेतले की झोप लागते. चालेल?

झोप लागते, पण उत्तररात्री मोडते आणि स्वप्नं तेव्हाच उसळतात. महिन्याहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडू नये, झटके येऊ शकतात. तेही त्यांनाच विचारून करा.

प्रश्न: मला काहीच त्रास नाही. तरी तपासणी हवी?

हवी. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही.