मानवशास्त्र झेपत नाही, काय करावे?

प्रश्न : मी मानवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. दर आठवड्याचे भरमसाट वाचन कसेबसे उरकते. परंतु काणकोणात धालो हे बायकांचे लोकनृत्य पाहून लिहिलेली टिपणे ‘हे निरीक्षण नव्हे, मत आहे’ असा शेरा घेऊन परत आली. विषय सोडावा का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : सोडू नये. असाच शेरा विद्यार्थिदशेत मलाही मिळाला होता आणि आठवडाभर मी रुसून बसलो होतो. ‘बायका आनंदाने नाचत होत्या’ एवढेच मी लिहिले होते. मांडावर, म्हणजे धालो खेळण्याच्या ठरलेल्या जागी, समोरासमोरच्या रांगांत किती जणी होत्या, गीत आधी कोणत्या रांगेने उचलले, यांतले काहीच वहीत नव्हते. वहीच्या डाव्या पानावर पाहिलेले आणि उजव्या पानावर वाटलेले, असे त्याच रात्री लिहून काढावे. क्षेत्रकार्यासाठी प्रसिद्ध असलेले मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की 1915 ते 1918 या काळात दोन खेपांत न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले, तेथील भाषा शिकले. तुम्हाला कोंकणी आयतीच येते, हा लाभ खरा. मात्र ओळखीचे ते नोंदण्याजोगे वाटत नाही, आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांची टिपणे बहुधा तिथेच कोरडी पडतात. वाचनात आधी प्रस्तावना व समारोप पाहावा, मग एकच प्रकरण नीट वाचावे.