गणपतीत चौकात हॉरर पिच्चर लावायचा का? आकड्याशेजारची ओळ वाचा

मंडळाच्या पोट्ट्यांना गणपतीत चौकात पडद्यावर हॉरर लावायचा आहे, त्यावर यूए १६+ (१६ च्या आतल्यांनी आईबापाला विचारून बघायचा) लिहिलंय, समोर लहान लेकरं बसतील, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. वयाचा कायदा आड येत नाही, तरी लावू नका.

पिच्चरला प्रमाणपत्र देण्याचा सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा. २०२३ च्या दुरुस्तीने जुन्या यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. हे तिन्ही आकडे आईबापासाठी सल्ला आहेत. 'ए'चं, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या पिच्चरचं, तसं नाही. तो १८ च्या आतल्यांना दाखवणं गुन्हा आहे, बाप शेजारी बसलेला असला तरी. टॉकीजमध्ये दारावर तिकीट बघणारा असतो. चौकात कोण कोणाला अडवणार?

दुसरं, तुमच्या पोट्ट्यांनी तो १६+ कुठं बघितला? ओटीटीवर (वर्गणी भरून बघायच्या ॲपवर) असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तो आकडा त्या कंपनीनेच ठरवलेला असू शकतो. "टीव्हीवर पाहिला, काही नव्हतं" हेही मानू नका. टीव्हीसाठी बऱ्याचदा कापाकापी करून वेगळं प्रमाणपत्र घेतात, आणि मोबाईलवर त्याच नावाचा पिच्चर न कापलेला असू शकतो.

मी आकड्यापेक्षा त्याच्या शेजारची बारीक ओळ वाचतो : हिंसा, भीती, नशा, आत्महत्या. भूत दारामागून आलं की लेकरू किंचाळतं आणि मग हसतं. माणसाचं पोट फाडलेलं, मान कापलेली जवळून दाखवली, तर ते रात्री अंगणात लघवीलाही एकटं जात नाही. दोन्हीला 'हॉरर' हाच शब्द, म्हणून ती ओळ लागते.

ती ओळ मोठ्यांसाठीही आहे, आणि आपल्या भागात तर जास्तच. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याकडे २०१८ पर्यंत एका वाघिणीची दहशत होती, माणसं गेली. कापसाच्या पट्ट्यात कोणाच्या घरी फास झाला, कोणाच्या घरी फवारणीच्या औषधाचा डबा रिकामा सापडला, हे गावाला माहीत असतं. तेच दृश्य मोठ्या पडद्यावर, स्पीकरवर, सगळ्या गावासमोर आलं तर त्या घरची बाई उठून जाईल कशी? घरी मोबाईल बंद करता येतो. पंगतीसारख्या भरलेल्या चौकातून उठलं की सगळे बघतात.

"लेकरं झोपल्यावर लावू" हा तोडगाही टिकत नाही. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, गणपतीत थोडेच दिवस १२ पर्यंत सूट मिळते. शिवाय ओटीटीची वर्गणी घरी बघण्यासाठी असते. चौकात लावायला हक्कदाराची परवानगी वेगळी लागते.

पोट्ट्यांना हॉररच हवा असेल, तर परवानगी काढून समाजमंदिरात, दार लावून, फक्त मोठ्यांसाठी लावा. दोन दिवस आधी मंडळाच्या फळ्यावर पिच्चरचं नाव, आकडा आणि ती ओळ मराठीत लिहा : "रक्तपात आहे, गळफासाचं दृश्य आहे." मंडळातल्या एका जाणत्या माणसाने पिच्चर आधी पूर्ण बघावा, नुसता ट्रेलर नाही. चौकात मात्र यू (सगळ्यांसाठीचा) किंवा यूए ७+ च लावा, आणि तोही आधी बघूनच.